चावी खिशात, तरी गाडी म्हणते चावी नाही

प्रश्न असा आहे: बटनाने सुरू होणारी गाडी घेऊन दोनेक वर्षं झाली. चावी खिशात असूनही अधूनमधून 'चावी सापडत नाही' असा संदेश येतो, सेल बदलल्यावरही एकदा आला. मध्यंतरी चावी नवऱ्याच्या खिशात राहिली, बायको गाडी घेऊन निघून गेली आणि पोचल्यावर गाडी बंद करताच अडकली. चावी आत राहून गाडी लॉक होईल ही धास्ती आहेच. यातला बिघाड कोणता, सवयीचा दोष कोणता आणि ऐनवेळी करायचं काय?

मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतो. या चाव्या आल्यापासून तक्रारींची जातच बदलली आहे. पूर्वी चावी तुटायची, लॉक घासायचं, इग्निशन स्विच जळायचा. आता सगळं धडधाकट असतं आणि तरी गाडी जागची हलत नाही. पुष्कळदा दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. गाडी चावीची चौकशी कधी करते आणि कधी करत नाही, एवढं एकदा लक्षात आलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, म्हणून आधी तेच सांगतो.

दाराच्या हँडलला हात लावला किंवा त्यावरचं छोटं बटन दाबलं की हँडलमधला अँटेना कमी वारंवारतेचा, साधारण १२५ किलोहर्ट्झचा, संदेश सोडतो. त्याचा पल्ला मुद्दाम आखूड ठेवलेला असतो, मीटर-दीड मीटरच्या पलीकडे तो पोचत नाही. चावी त्याने जागी होते आणि वेगळ्या लहरींवर, ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर, उत्तर देते. सांकेतिक उत्तर जुळलं की दार उघडतं. आत बसून स्टार्टचं बटन दाबल्यावर केबिनमधले अँटेना हाच प्रकार पुन्हा करतात. म्हणजे चौकशी होते ती ठरावीक क्षणी: दार उघडताना, लॉक करताना, इंजिन सुरू करताना, आणि चालू इंजिनावर कोणी दार उघडून मिटलं तर. एरवी चावी कुठे आहे याचा गाडीला पत्ता नसतो, आणि चालवणारा कोण याच्याशी तर तिला काही घेणंच नसतं.

आता नवराबायकोचा किस्सा घ्या. गाडी सुरू करताना चावी आत होती, नंतर ती नवऱ्याच्या खिशातून त्याच्याबरोबर उतरून गेली. इंजिन बंद पडलं नाही, कारण ते तसं पडू नये अशीच रचना आहे. भर रस्त्यात केवळ चावीचा सेल संपला म्हणून इंजिन थांबलं तर जीव जातील. म्हणून गाडी फक्त टीं-टीं करते, काचेखालच्या पडद्यावर एक ओळ दाखवते आणि चालत राहते. रेडिओ लावला असेल, मागे मुलं भांडत असतील, तर ती टीं-टीं कोण ऐकतो?

असं झाल्याचं वाटेत कळलं तर गाडी बंद करू नका, सरळ मागे फिरा. पेट्रोल भरायचा मोह टाळा, कारण तिथे इंजिन बंद करावंच लागेल आणि पंपावर गाडी आडवी पडेल. ट्रॅफिकमध्ये मॅन्युअल गाडीचं इंजिन चुकून बंद पडलं तरी तीच गत, तेव्हा क्लच जपून. आणि सवय अशी लावा की चालक बदलला की चावी हातातून हातात गेली पाहिजे. 'गाडीतच ठेवली आहे' हे उत्तर चालणार नाही. या अपघाताचा एक छुपा प्रकारही आहे: शेजारी बसलेल्या माणसाच्या पिशवीत दुसरी चावी असते, गाडी तिच्यावर सुरू होते, आणि चालकाची स्वतःची चावी घरी टेबलावर राहिल्याचं शेजारचा माणूस पिशवीसकट उतरून गेल्यावरच कळतं.

याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा. चावी फिरवून काढायची होती तेव्हा इंजिन बंद करणं हा उतरण्याचाच भाग होता. आता माणूस चावी खिशात ठेवून उतरतो आणि इंजिन चालूच राहतं. हायब्रिड गाडीत तर त्या क्षणी इंजिनाचा आवाजच नसतो, बॅटरी उतरली की ते आपोआप पुन्हा सुरू होतं. सिग्नलला स्वतःहून बंद होणाऱ्या इंजिनाचंही तसंच, शांतता झाली म्हणून लोक बंद समजून चालतात. बंद गॅरेजमध्ये असं झालं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि गॅरेजमधून तो घरात शिरतो. अमेरिकेत यात माणसं दगावली, म्हणून तिथल्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ठरावीक वेळानंतर इंजिन आपोआप बंद होण्याबद्दल नियम करायला सांगितलं. तुमच्या गाडीत ती सोय आहे की नाही हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात बघा. ती असली तरी उतरण्यापूर्वी पडद्यावरचे दिवे विझले का, हे डोळ्यांनी बघायचंच. कानांवर विसंबू नका.

ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक गंमत होते. गिअर 'पी'मध्ये, म्हणजे पार्किंगच्या जागी, न टाकता बटन दाबलं की इंजिन थांबतं, पण पुष्कळ गाड्या पूर्ण बंद न होता अ‍ॅक्सेसरीवर, म्हणजे इंजिन बंद पण वीज चालू अशा अवस्थेत, अडकून राहतात. दुसऱ्या दिवशी बॅटरी डाऊन. शिवाय गाडी उतारावर असेल तर घरंगळण्याचा धोका वेगळा. हँडब्रेक, 'पी', मग बटन, हा क्रम पायाला आणि हाताला बसवून घ्या.

आता तुमचा मुख्य त्रास, 'चावी सापडत नाही'. पहिली परीक्षा फुकट आणि दोन मिनिटांची आहे: दुसरी चावी आणा. तिच्यावर गाडी दर वेळी सुरू होत असेल तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चाव्यांवर तोच संदेश येत असेल तर चावीचा नाद सोडा आणि गाडीकडे बघा. हे न करता नवी चावी मागवणारे लोक मी बघतो तेव्हा वाईट वाटतं, कारण नवी चावी स्वस्त नसते आणि संदेश पुन्हा येतोच.

चावीत दोष असेल तर बहुधा सेलच. साधारण दोन-तीन वर्षं तो टिकतो. पण चावी रात्रभर गाडीच्या जवळ, म्हणजे भिंतीपलीकडे गॅरेज असलेल्या खोलीत किंवा दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेली असेल, तर काही गाड्यांत ती सारखी जागी होत राहते आणि सेल लवकर संपतो. टीव्ही, लॅपटॉप यांच्याजवळ ठेवल्यानेही असंच होतं. तुम्ही सेल बदलला तरी संदेश आला म्हणता, तर हे तपासा. सेल योग्य मापाचा आहे का? सीआर २०३२ आणि सीआर २०२५ या दोघांचा व्यास २० मिमीच असतो, पण पहिला ३.२ मिमी जाड आणि दुसरा २.५. जाडाच्या जागी पातळ घातला की तो बसतो, एखादा दिवस चालतो आणि चावी खाली पडली की संपर्क सुटतो. हा घोळ मी फार वेळा पाहिला आहे. काही सेलवर, लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून, कडू लेप दिलेला असतो. तो संपर्कपट्टीखाली आला तर चावी अर्धवट चालते, तेव्हा सेल कोरड्या कापडाने पुसून बसवा. पट्टी दबलेली असेल तर टोकाने जराशी वर उचला. नवा सेल मीटरवर तीन व्होल्टच्या थोडा वरच दिसायला हवा. जुना सेल नुसता मोजला तर तीनच्या आसपास दिसून फसवतो, कारण खरा ताण चावी उत्तर पाठवते तेव्हा पडतो. म्हणून मी आकड्यापेक्षा वयावर जातो आणि दोन वर्षं झाली की बदलून टाकतो. जुना सेल मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, आणि तेव्हा घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचं.

सेल ठणठणीत असेल तर चावी कुठे ठेवता ते बघा. मोबाइलला चिकटून, नाण्यांमध्ये, सिगरेटच्या चांदीच्या कागदाजवळ, लॅपटॉपच्या बॅगेत धातूच्या डब्याशेजारी: यातलं काहीही पुरेसं होतं. गाडीतल्या वायरलेस चार्जरवर मोबाइल आणि शेजारी चावी, ही तर आजकालची खास जोडी. चार्जरचं क्षेत्र चावीपर्यंत येणाऱ्या कमी वारंवारतेच्या संदेशात गोंधळ घालतं. चावी दुसऱ्या खिशात टाका आणि आठवडाभर फरक पडतो का बघा.

ठरावीक जागीच असं होत असेल, आणि तिथे इतरांच्याही चाव्या रुसत असतील, तर दोष हवेत आहे. प्रक्षेपण मनोरा, वीज उपकेंद्र, कोणाचं तरी बिघडलेलं बिनतारी उपकरण, काहीही असू शकतं. २०१९ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या नॉर्थ ओल्मस्टेड इथे एका वस्तीत गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजची रिमोट अचानक चालेनाशी झाली. शोध घेतल्यावर एका रहिवाशाने घरी बनवलेलं बॅटरीवरचं उपकरण सापडलं, ते त्याच लहरींवर सतत प्रक्षेपण करत होतं. बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती. तेव्हा अशा जागी गाडीशी झगडू नका, खाली सांगितलेल्या आपत्कालीन पद्धतीने सुरू करा आणि निघा.

दोन्ही चाव्यांवर आणि सगळीकडे संदेश येत असेल तर माझा पहिला संशय मोठ्या बॅटरीवर. हे लोकांना पटत नाही, कारण दिवे लागतात, हॉर्न वाजतो. भरलेली बॅटरी गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. अशा बॅटरीवर बटन दाबलं की सेल्फ फिरायच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, चावी ओळखणारं मॉड्यूल डुलकी घेतं आणि पडद्यावर नाव येतं चावीचं. कट-कट-कट असा आवाज आला किंवा बटन दाबताच दिवे मंदावले तर चावी निर्दोष आहे. जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून सुरू, करून बघा.

आणि एक शक्यता, जिचा चावीशीही संबंध नाही आणि बॅटरीशीही नाही. ब्रेक पूर्ण दाबल्याचं गाडीला कळल्याशिवाय ती सुरू होत नाही. गाडी बंद असताना ब्रेक दोन-चारदा दाबला गेला असेल तर पायाच्या जोराला मदत करणारा आतला व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं लागतं आणि नेहमीच्या जोराने स्विचपर्यंत पोचत नाही. मग बटन दाबलं की नुसता पडदा उजळतो. पाय चांगला रोवून दाबा. मागे कोणाला उभं करून ब्रेकचे दिवे लागतात का विचारा. लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेला आहे. मॅन्युअल गाडीत क्लचखाली गोळा झालेली मॅट हेच काम करते. स्टिअरिंग ताणात लॉक झालं असेल, म्हणजे चाक कडेला टेकलेलं असेल, तरी काही गाड्या सुरू होत नाहीत. एका हाताने स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे हलवत बटन दाबा.

चावीचा सेल रस्त्यात पूर्ण संपला तर घाबरण्यासारखं काही नाही, फक्त आधी माहिती हवी. चावीच्या कुशीत एक छोटी खटकी असते, ती सरकवली की धातूची साधी चावी बाहेर येते. तिचं भोक बहुतेक गाड्यांत चालकाच्या हँडलच्या टोकावरच्या टोपीखाली लपवलेलं असतं. टोपीच्या खालच्या फटीत चावीचं टोक घालून ती हलकेच उचकटायची, काही गाड्यांत आधी हँडल ओढून धरावं लागतं. दार उघडताच भोंगा वाजू शकतो, कारण गाडीला ही घुसखोरी वाटते. वाजू द्या, आत बसा. चावीतच एक चिप असते, तिला सेल लागत नाही. स्टार्ट बटनाभोवतालच्या वेटोळ्यातून तिला जवळूनच वीज मिळते. म्हणून ब्रेक दाबून चावी बटनाला अगदी टेकवून धरा आणि बटन दाबा, किंवा चावीनेच बटन दाबा. काही गाड्यांत ही जागा बटन नसून कपहोल्डरचा तळ, मधल्या खणातला खाचा किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावरची खूण असते. गाडी सुरू होते, भोंगा थांबतो. ही जागा कोणती हे घरी, उजेडात, सेल काढून एकदा करून बघा. लपलेलं भोकही त्याच वेळी शोधा. अंधारात पावसात उभं राहून पुस्तक वाचायची वेळ येते तेव्हा पुस्तक हमखास गाडीच्या आत असतं.

गाडीची मोठी बॅटरीच मेली असेल तर दार या धातूच्या चावीने उघडतं, पण विजेवर चालणारी डिकी उघडत नाही. ज्यांची बॅटरी डिकीतच असते त्यांनी जंप देण्याचं टोक पुढे बॉनेटखाली कुठे दिलं आहे ते आधीच बघून ठेवावं.

चावी आत राहण्याबद्दल: आत चावी असल्याचं कळलं तर गाडी लॉक व्हायला नकार देते किंवा ओरडते. पण ही ओळख अँटेनांना मिळणाऱ्या जोरावर अवलंबून आहे, आणि डॅशबोर्डचा वरचा भाग, पायाखालची जमीन, दाराचा कप्पा, डिकीचा कोपरा इथे ती डळमळते. सेल अशक्त असेल तर अधिकच. सर्वांत फसवा प्रसंग असा: रिमोटने गाडी उघडली, फक्त डिकी वर केली, सामान ठेवताना चावीही आत ठेवली आणि डिकी लावली. कोणतंच दार उघडलं नाही म्हणून काही गाड्या अर्ध्या मिनिटाने स्वतःला लॉक करून घेतात. एक चावी आत विसरून दुसरीने गाडी लॉक केली तर काही गाड्यांत आतली चावी तात्पुरती निष्क्रिय होते, ते मात्र चोरांना ती वापरता येऊ नये म्हणून केलेलं आहे, बिघाड नव्हे. डिकीजवळ चावी हातातून सोडायची नाही, एवढा नियम पुरतो.

आत मूल अडकलं असेल तर चावीवाल्याची, मेकॅनिकची वाट बघू नका. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच फोडा, पुढची मोठी काच सहज फुटत नाही.

किरकोळ तक्रारी झटपट उरकतो. लॉक करून हँडल ओढून बघितलं की गाडी उघडते, कारण चावी तुमच्याच खिशात आहे. आरसे मिटले, दिवे लुकलुकले, तर लॉक झाली, विश्वास ठेवा. पाण्याचा फवारा मारून गाडी धुताना चावी खिशात असेल तर हँडलवरच्या पाण्याला ती हात समजते आणि लॉक-अनलॉकचा खेळ मांडते, चावी चार पावलं लांब ठेवा. चावी कपडे धुण्याच्या यंत्रातून फिरून आली तर आधी सेल काढा, झाकण उघडून सावलीत पूर्ण वाळवा, हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, मग नवा सेल. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी गाडीच्या पुस्तकात अँटेनांपासून किती अंतर सांगितलं आहे ते बघावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं.

चालत्या गाडीत इंजिन बंद कसं करायचं, हे मात्र कोणी विचारत नाही आणि विचारायला हवं. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एका गाडीचं अ‍ॅक्सिलरेटर पेडल मॅटमध्ये अडकलं, गाडी भरधाव सुटली आणि चौघांचा मृत्यू झाला. ती गाडी बटनाची होती आणि धावताना बंद करायला बटन ३ सेकंद दाबून धरावं लागत होतं. घाबरलेला माणूस बटन पटापट टोचतो. आता पुष्कळ गाड्यांत दाबून धरणं किंवा लागोपाठ तीनदा दाबणं, दोन्ही चालतं, पण तुमच्या गाडीत काय हे वाचून ठेवा. आधी गिअर न्यूट्रलला टाका, ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, पंप करू नका. इंजिन थांबल्यावर स्टिअरिंग जड होईल, ते अपेक्षित आहे.

चोरीबद्दलही थोडं. घराबाहेरची गाडी आणि घरातली चावी यांच्यामधला संदेश दोन उपकरणांनी लांबवून गाडी पळवता येते. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर हे दाखवून दिलं. लहरी अडवणारी पिशवी किंवा घट्ट झाकणाचा धातूचा डबा वापरा, पण बाहेर गाडी उभी करून चावी त्यात टाकून खरंच लॉक उघडत नाही ना, हे करून बघा. पुष्कळ नव्या चाव्या काही वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपतात, तुमची तशी असेल तर हा खटाटोप नको.

आणि तुमची दुसरी चावी कुठे आहे ते आज बघा. एक चावी हाती असताना दुसरी प्रोग्राम करणं सोपं असतं. दोन्ही गेल्यावर इमोबिलायझरपासून, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेपासून, सुरुवात करावी लागते, गाडी उचलून न्यावी लागते आणि मालकीची कागदपत्रं दाखवावी लागतात. दुसरीचा सेलही पहिलीबरोबरच बदला. कपाटात पडून आहे म्हणून तो टिकून राहिला असेल असं समजू नका.